हसलं की पाय जातात

चौथीतल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत वही घेऊन शाळेत आली आणि मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. वहीत 'माझा आवडता पक्षी' हा निबंध होता. मुलीने मैनेवर लिहिलं होतं. खाली लाल शाईत माझा शेरा : 'छान. पाणी बंद करा. मैना पाणी छान छान'. शेवटचं अक्षर घसरत समासाबाहेर गेलं होतं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना, बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं.

अक्षर माझंच होतं. लिहिल्याचं मात्र काही आठवत नव्हतं. "घाईत काहीतरी झालं असेल," मी म्हटलं. मुलीच्या आईने मला एकदा नीट निरखून पाहिलं. बाई काही घेतात की काय, असं तिला वाटलं असावं. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

शाळा सुटल्यावर मी थांबून तो सगळा गठ्ठा पुन्हा चाळला. आणखी चार वह्यांत तसलंच काहीतरी निघालं. एका मुलाच्या बेरजांवर मी बरोबरच्या खुणा करत गेले होते, त्या पान संपल्यावर खाली बाकावर उतरल्या होत्या. मी व्हाइटनर लावून शेरे पुसले आणि नवे लिहिले. बाकावरची शाई पुसायला रुमाल ओला करून आणला. 

असं दीड-दोन वर्षं चाललं होतं. म्हणजे थकवा. रात्री साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकायची, सहाला उठायचं, आणि उठताना वाटायचं की रात्रभर कुणीतरी आपल्याकडून ओझी वाहून घेतली आहेत. तिसऱ्या तासाला डोळ्यांवर झापड यायची. मी उभ्यानेच शिकवायचे, कारण खुर्चीत टेकलं की संपलं. रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, बी-ट्वेल्व्ह झालं, हृदयाचा आलेख झाला. आमच्या उलव्यातले डॉक्टर दर वेळी कागद उलटून बघायचे आणि म्हणायचे, "सगळं नॉर्मल आहे. वयाचं असतं हे. टेन्शन घेऊ नका, चालायला जात जा." सगळं नॉर्मल आहे हे ऐकून सुटका वाटायला हवी होती. मला उलट धडकी भरायची. मग हे सगळं मीच करतेय का, असं वाटायचं. आळशी आहे का मी? नवऱ्याने मोबाइलवर माझा झोपेतला आवाज रेकॉर्ड करून पाहिला. मी घोरत नव्हते. स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक जण हसून म्हणाल्या, "अहो, दुपारी आम्हालाही झोप येते."

वहीचा प्रकार झाला त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मी घरात कुणालाच सांगितली नाही.

उलव्याहून नेरूळला शाळेत मी स्कूटरने जायचे. माझी मुलगी अकरावीत होती, तिचं कॉलेज वाटेवरच, म्हणून ती मागे बसायची. त्या दिवशी खाडीपुलावर चढलेलं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम तिच्या कॉलेजचं फाटक. मधला रस्ता, दोन सिग्नल, वळण, काहीच नाही. मुलगी उतरली आणि हेल्मेट काढत चिडून म्हणाली, "आई, त्या टेम्पोला केवढी चिकटली होतीस! मी ओरडत होते, तुला ऐकूच येत नव्हतं का?"

"हेल्मेटमुळे नाही गं ऐकू आलं," मी म्हणाले.

ती आत गेली. मी स्कूटर स्टँडवर लावून फुटपाथवर बसून राहिले. तिचा ओरडण्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते. तो माझ्याकडे नव्हताच. त्यानंतर मी तिला पोटदुखी, पेट्रोल, मीटिंग अशा सबबी सांगून बसने पाठवू लागले. स्वतः मात्र स्कूटरवरच जात राहिले. सोडली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

शाळेतून परतताना शिरवणे गावातल्या एका मासळीवालीकडे मी कायम थांबायचे. साठीच्या पुढची बाई, गावातलीच, जिभेला धार. त्या दुपारी एक गिऱ्हाईक बोंबील उलटसुलट करून, वास घेऊन, काही न घेता निघून गेलं. ती त्याच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, "नवरी बघाला आलता का म्हावरा घेवाला?"

मला खो खो हसू आलं, आणि गुडघे कुणी काढून घेतल्यासारखे झाले. मान खाली गेली, पिशवी सुटली, मी तिच्या पाटीशेजारी ओल्या फरशीवर बसले. शुद्धीवर होते. सगळं ऐकू येत होतं, बोलता मात्र येईना. मिनिटभरात पाय परत आले. मी नेहमीचंच उत्तर दिलं, "उपास आहे, अशक्तपणा आलाय."

तिने हाताला धरून मला उठवलं. "उपास हाय तं म्हावरा कनाला घेतंस?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, यो अशक्तपना नाय. तू हासलीस का तुजं पाय जातान. मागल्या टायमाला पन तसाच झालता, तवा पाटीला धरलंस. मी बघतंय कवापासून."

मला स्वतःला हे कधी दिसलं नव्हतं. मग एकेक आठवू लागलं. लग्नाच्या हॉलमध्ये भावाच्या नकलेवर हसताना हातातून निसटलेला ग्लास. वर्गात मुलं काही मजेशीर बोलली की मी फळा धरायचे, तो का, ते आता कळलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. मासळीवाली, वह्या, व्हाइटनर. आणि शेवटी खाडीपूल.

त्याने एवढंच विचारलं, "ती मागे होती?"

"हो."

"आणि त्यानंतरही तू स्कूटर चालवतेस?"

मी मान डोलावली. तो ओरडला नाही. बाहेर जाऊन किल्ली घेतली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि परत येऊन म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस? मी काय तुला वेडी म्हणालो असतो?"  मला तेच वाटलं होतं.

त्याच आठवड्यात नवरा मला मेंदूविकाराच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेला. मी किती झोपते हे त्यांनी नंतर विचारलं, आधी विचारलं, "हसल्यावर काय होतं?" मी रडायला लागले. त्यांनी झोपेच्या एका आजाराचं नाव घेतलं, ज्यात जागेपणी मधेच डुलकी लागते, हात काम करत राहतात, आणि हसलं की स्नायू सैल पडतात; पण लगेच म्हणाल्या, "हा संशय आहे, निदान नाही. तपासणी करू."

रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, एकूण पाच वेळा, पुन्हा झोपायचं, अशी ती तपासणी होती. सकाळी नऊला तंत्रज्ञ मुलीने पडदे ओढले, दिवा घालवला आणि म्हणाली, "झोपा आता." दोन वर्षं जिथे टेकले तिथे झोपणारी मी, टक्क जागी. झोप आली नाही तर पुन्हा सगळं नॉर्मल निघणार.  पाचपैकी तीन वेळा झोप लागली, दोनदा नाही.

अहवाल अर्धवटच आला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "संशय दाट आहे, पण यावरून मी ठाम नाव देणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा करू." तोवर वाहन बंद, आणि दिवसातून दोनदा ठरवून झोप. मोठ्या बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि खेळाच्या सामानाची खोली मधल्या सुट्टीत मला दिली. तिथे चटईवर मी वीस मिनिटं पडते. बाहेर कुणाची पावलं थांबली की वाटतं, बघताहेत. वह्या आता मी घरी, मुलीला शेजारी बसवून तपासते. तिला मी पुलावरचं खरं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मध्यंतरी आमच्या घरात कुणी मला हसवेनासं झालं. नवरा ऑफिसातलं काही सांगायला सुरुवात करायचा आणि माझ्याकडे बघून मधेच थांबायचा. परवा मी ओट्याशी उभी होते. मुलगी कॉलेजातून आली ती स्वतःशीच खुदुखुदु हसत. "आई, आज काय झालं माहितीये..." आणि ती थबकली. मग तिने खुर्ची ओढून माझ्या मागे आणली, गॅस बंद केला.

"आधी बस," ती म्हणाली. "मग सांगते."

मी बसले. दुसऱ्या तपासणीला अजून चार महिने आहेत.