तळपायाला आलेली हाक

आधीच सांगून टाकतो — भुतंखेतं, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीच मानत नाही. बोईसरच्या कापडाच्या कारखान्यात सगळी नोकरी मागावर काढली. सेकंड शिफ्ट सुटली की सायकलने पाम गावात घरी यायचो. वाटेत स्मशान लागायचं. तिथे थांबून बिडी पेटवायचो, कारण भिंतीच्या आडोशाला काडी विझत नसे. माझा आणि भुतांचा संबंध एवढाच.

शाळा सातवीपर्यंत झालेली. हे मीच लिहिलंय, शुद्धलेखन तेवढं मुलीने बघितलं. तिला बजावलंय, वाक्यं बदलायची नाहीत.

आम्ही मूळचे तासगावकडचे. नोकरीपायी इकडे आलो आणि पाममध्ये घर बांधलं. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर एकच खोली, तिच्या छपरावर पाण्याची टाकी. टाकीतून लोखंडी पाइप निघायचा, वरच्या खोलीच्या कोपऱ्यातून उतरायचा आणि स्लॅबमधून खाली स्वयंपाकघरात जायचा. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागाच्या खात्यात माणसाचे कान जातात. माझेही गेले; समोर बसून बोललेलं कळतं, लांबचं नाही. तिथे ओरडून काही उपयोग नसतो. लांबच्याला बोलवायचं तर लोखंडी खांबावर पाना आपटायचा, खांबाला टेकलेल्या माणसाला अंगातून कळतं. रिटायर झाल्यावर मी वरच्या खोलीत बसून वायरच्या खुर्च्या विणायला लागलो. खाली बसायचं, खुर्ची पुढ्यात घ्यायची, आणि वायर ओढताना जोर मिळावा म्हणून उजवा पाय त्या पाइपाला लावायचा. माझी बायको शालन खालून हाका मारून दमायची. मग मीच म्हटलं, पाइपावर ठोक.

ती म्हणाली, "बरं झालं. कान कारखान्याला दिलेत, तळपाय तरी घराला द्या."

तेव्हापासून चहा झाला की सांडशीने पाइपावर ठोकायची. दोन जवळजवळ आणि एक जरा थांबून. टण टण… टण. मला ऐकू यायचं नाही, तळपायाला कळायचं. मी कात्रीची मूठ एकदाच आपटायचो. म्हणजे येतो. जबाब गेला की ती परत ठोकत नसे. नाही गेला तर मात्र शेजारचे दारात येईपर्यंत ठोकायची.

गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. ताप होता, अंगावर काढला. दवाखान्यात नेली ती बसून, आणली ती झाकून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्यानंतरही मी वर बसत होतो, पाय पाइपाला लावून. वाट बघत होतो असं नाही. पाय कुठेतरी टेकायचा असतो.

आता पाइपाचं सांगतो. इकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, हवा खारी, लोखंड आतून बाहेरून खाल्लं जातं. नळाला लाल पाणी यायला लागलं, धारही करंगळीएवढी. मी एकटा, माझं चालत होतं. पण मुलगी सुवर्णा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिची सासू म्हणाली, तिकडे आता बाईमाणूस नाही, कुणाच्या जिवावर जाणार? तर आमची पोर म्हणाली, "बाबा आहेत ना."

आणि बाबांच्या नळाला हे असं पाणी.

तरीसुद्धा मी प्लंबरला एकदा परत पाठवला. भास्कर त्याचं नाव, पामचाच, चाळिशीचा माणूस. दुसऱ्या वेळी तो दारातच उभा राहिला.

"काका, नक्की करायचं हाय का नाय?"

"पाइप अजून चांगला आहे."

"पाइप चांगला हाय तं पानी लाल का?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय नाय. नातवाला आंघोळ कुंकवाच्या पान्याने घालनार का तुमी?"

खरं सांगायचं तर पाइप निघाला की शालन पुरती निघाली, असं मनात बसलं होतं. पण पोर येणार होती. म्हटलं, कर.

भास्करने नवीन प्लास्टिकचा पाइप बाहेरच्या भिंतीने टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणला. मग जुना काढायला घेतला. छपरावरचा भाग काढला. खाली स्वयंपाकघरातला तर छताला लागून कापला, तिथे आता नुसतं भोक दिसत होतं. कापलेला तुकडा त्याने माझ्यापुढे धरला. आत गंज आणि क्षार इतका, की पेन्सिल गेली नसती.

"काका, ह्याच्यातून पानी येत व्हतं हेच नवल. म्हाताऱ्याची नस झालीय नुसती."

"म्हाताऱ्यासमोर बोलतोयस."

हसला. राहिला होता फक्त वरच्या खोलीतला तुकडा, स्लॅबमध्ये रुतलेला. वरून उघडा, कशालाही जोडलेला नाही, आत पाण्याचा थेंब नाही. तो जेवून कापतो म्हणाला. डबा घेऊन वरच बसला, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मीही समोर बसलो, अर्धवट राहिलेली खुर्ची ओढली आणि सवयीने पाय पाइपाला लावला.

दुपार टळत आली होती, खोलीभर ऊन. मी वायर ओढत होतो. आणि तळपायाला आलं.

दोन जवळजवळ. एक जरा थांबून.

मी काही विचार केला असं नाही. हात आपोआप गेला आणि कात्रीची मूठ पाइपावर एकदा आपटली. मग मान वर केली तर भास्करचा घास हातातच राहिलेला. तो जमिनीकडे बघत होता, जिथे पाइप स्लॅबमध्ये जातो तिथे.

"काका, खाली कोन हाय?"

"कोणी नाही."

"आता ठोकलं ना कोनी… खालून."

"तुला ऐकू आलं?"

"आलं म्हंजे? चांगलं टणटणलं. आन् तुमी उलटं का ठोकलं?"

"सवय आहे."

"कसली सवय? कुनाला?"

मी सांगितलं. त्याने डब्याला झाकण लावलं. मग आम्ही दोघं खाली गेलो, तो माझ्या मागे. पुढच्या दाराला आतून कडी, मागच्यालाही कडी. स्वयंपाकघरात छताला भोक, आणि भोकाखाली ठोकायला पाइपच नाही.

बाकी मी काहीही सांगणार नाही — चहाचा वास आला, सांडशी गरम लागली, असलं काही. तसं काही नव्हतं. सांडशी खिळ्याला होती, भांडी पालथी होती, शेगडी थंड होती. मी चहा टाकला. दोघांनी घेतला. भास्कर उभ्यानेच प्यायला.

नंतर मीच म्हटलं, चल, उरलेला काप.

"मी नाय कापनार. ऱ्हाऊ दे काका, कुनाच्या वाटंत येत नाय तो."

"अरे, लोखंड आहे ते."

"हाय ना. मंग ऱ्हाऊ दे." करवत पिशवीत टाकून गेला. पुढे नळाचा वायसर बदलायला आला, पण जिना चढला नाही.

जावई शिकलेले आहेत. ते म्हणाले, उन्हाने लोखंड तापतं, ताणतं आणि वाजतं. असेल. पण मग ऊन रोज असतं, आणि पाइप तेव्हापासून एकदाही वाजलेला नाही. शेजारचे म्हणाले उंदीर. उंदीर थांबून तिसरा ठोका देतो का, मला माहीत नाही. एकट्या मला वाटलं असतं तर मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण भास्करला आमच्या ठोक्यांचं काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला तर कानाने ऐकू आलं. मला अजून यातलं काही उलगडलेलं नाही.

सुवर्णाला मुलगी झाली. नवीन पाइपाला धो धो पाणी येतं, आरशासारखं. वरच्या खोलीतला तो तुकडा तसाच उभा आहे, त्याला दोरी बांधून दुपटी वाळत घालतो. मी अजून तिथेच खुर्च्या विणतो, पाय लावून.

परवा सुवर्णा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "बाबा, परत कधीच नाही का आलं?"

"नाही."

"वाईट वाटतं का?"

म्हटलं, नाही. कसं येईल परत? जबाब गेल्यावर तुझी आई पुन्हा ठोकत नसे. आणि मी तर येतो म्हणून सांगितलंय.