बायना मावशीच्या आठ टोपल्या

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली आणि दक्षिणेतल्या आमच्या सेंट हेलेना बेटावरचे काळे पुरुष मतं द्यायला लागले. पुढे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बड्या गोऱ्यांनी आपसांत सौदा केला. एकांना राष्ट्राध्यक्षाची खुर्ची, दुसऱ्यांना आमच्या राज्यात मोकळं रान. आमच्या पाठीशी असलेले उत्तरेचे शिपाई निघून गेले. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचा राग मला अजून आहे.

काही वर्षांनी आठ पेट्यांचा कायदा आला. प्रत्येक पदाची मतपेटी वेगळी. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की बाद. पेट्यांवर नावं असत, पण आमच्यातल्या किती जणांना वाचता येत होतं? जागा लक्षात ठेवावी, तर मतदान घेणारे गोरे साहेब लोक मधेच पेट्या हलवत.

माझी बायना मावशी सुईण. म्हातारपणी शाळेत जाऊन अक्षरं शिकलेली. तिने प्रार्थनाघरात आठ गवती टोपल्या मांडल्या, त्यांना नावांच्या पाट्या लावल्या आणि पुरुषांना बोलावलं. चुकेल त्याने तिच्या घरी पाणी भरायचं. सगळ्यांत जास्त पाणी भरलं तिच्याच नवऱ्याने, मिंगोकाकाने. हा काका या हक्कासाठी युद्धात बंदूक घेऊन लढलेला. आपलं मत बाद होईल, या धास्तीने त्याला जेवण जाईना.

"अहो, ही शेरिफची टोपली. गव्हर्नरला कुठे कोंबताय?"

"तू सारख्या हलवतेस, मग मी काय करू?"

"तिथले साहेब काय तुमचे जावई आहेत, जागच्या जागी ठेवायला?"

मतदानाच्या दिवशी आम्ही बायका समोरच्या झाडाखाली थांबलो. काका आत गेला तो बाहेर येईना. मावशी एकदाही खाली बसली नाही.

शेवटी तो घामाने निथळत आला.

"आठही बरोबर," तो म्हणाला.

"हलवल्या का त्यांनी?"

"दोनदा. मीही दोनदा वाचल्या. साहेब म्हणाला, लवकर आटप. म्हटलं, साहेब, तुम्ही हलवा, मी वाचतो."

मावशी इतकी हसली की तिला झाडाला टेकावं लागलं. मलाही फार बरं वाटलं. मग तिने हळूच विचारलं, "दिसतात कशा हो त्या पेट्या?"

बायकांना तेव्हा मत नव्हतं. उकिडवा बसून काकाने वाळूत बोटाने एकेक पेटी काढली, वरची फटसुद्धा. मावशी त्याच्या शेजारी बसून आठवी होईपर्यंत बघत राहिली.