मधल्या खोलीतली अमेरिका

मी अमेरिकेला जाऊन आलो, असं आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून शपथेवर सांगतात. मी गेलो नव्हतो. ती सगळी मात्र जाऊन आली होती, आणि तीही आमच्याच घरातून.

नागपुरात अजून कोणाच्या घरी टीव्ही नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. होऊन अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज धाडून बसलो होतो. एप्रिलमध्ये उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. अट एकच. प्रकृती ठणठणीत असल्याचा सरकारमान्य डॉक्टरचा दाखला पंधरा जूनच्या आत तिकडे पोचला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पत्रासोबत एक गुळगुळीत पुस्तिका होती. तिच्या सातव्या पानावर एक तळं होतं, तळ्याकाठी लालभडक पानांचं झाड आणि झाडाखाली एक रिकामं बाक. ते बाक माझं होतं. (विद्यापीठाला अजून कळवलं नव्हतं, एवढंच.) दात घासताना, सायकल चालवताना, जेवताना मी त्या बाकावर बसलेला असायचो. एकदा आईनं दळण आणायला पाठवलं, तर मी तळ्याला सावकाश एक फेरी मारून कोणाचं तरी ज्वारीचं पीठ घेऊन घरी आलो. आमचे गहू होते.

आमचे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी नकाशा उघडला, त्या गावावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिवाळ्यात उणे वीस," बाबा म्हणाले. "इथं आज सेहेचाळीस. म्हणजे सासष्ट डिग्रीचा फरक. हा पोट्टा टिकन कसा?"

"मी स्वेटर विणून देते ना त्याले," आई म्हणाली.

"स्वेटर वरून असते. सवय आतून लागते."

सवय लावायचं ठरलं. आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा एक मोठा कूलर होता. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. बाबांनी त्या टाकीत रोज बर्फाची अर्धी लादी टाकायचा हुकूम काढला. भिंतीवर शाळेतला तापमापक टांगला. मी नुसत्या बनियनवर दुपारभर कूलरपुढे बसायचं आणि थंडी मुरवायची. दारावर खडूनं 'अमेरिका' असं मीच लिहिलं, मोठ्या अक्षरात. तिथंच सगळं बिघडलं.

पहिले दोन दिवस काय सांगू तुम्हाला! बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं आणि आत ओल्या वाळ्याचा वास, अंगावर काटा, मांडीवर सातवं पान. मी डोळे मिटले की झाडाचं एक पान सावकाश खाली यायचं. ते तळ्यावर टेकायच्या आत मला झोप लागायची. इतका सुखी मी पुढे लग्नातही नव्हतो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या लक्ष्मीकाकू लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. आमच्याकडे माणूस लांबच्या गावी निघाला की जो तो त्याला काहीतरी बांधून देतो, आणि ते नाही म्हणता येत नाही.

"तिकडे काय मिळन तुले? घेऊन जाजो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खोलीत डोकं घातलं. "किती गारेगार आहे गा इथं. जराशीक टेकू का?"

काकू साडेबारा वाजता टेकल्या आणि पाच वाजता उठल्या. दुसऱ्या दिवशी त्या सांडगे घेऊन आल्या, सोबत उशी आणली. मग बातमी फुटली. कोणी पापड आणले, कोणी तिळाची चटणी. तारा वाटणारे गजाननराव आमच्या गल्लीतच राहायचे. त्यांनी सामान बांधायला सुतळीचा अख्खा गुंडा आणून दिला आणि जेवणाच्या सुट्टीत खाकी टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. ज्याची बरणी घेतली त्याला 'उठा' कसं म्हणणार? मे संपत आला तोवर अमेरिकेत सात माणसं नियमानं घोरत होती, आणि गल्लीत उघड विचारपूस चालायची.

"काकू कुठं गेल्या वं?"

"अमेरिकेत. चार वाजता येतीन."

माणसं वाढली तसा तापमापकाचा पारा चढू लागला. बाबा बर्फ वाढवत राहिले. मी मात्र रोज एकेक चटई मागे सरकत उंबऱ्याशी आलो होतो.

अशात भिवापूरहून मामा आला. पाच किलो मिरच्या आणि एक ओव्हरकोट घेऊन. कोट काळा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब, आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास.

"कोण्या साहेबाचा होता," मामा म्हणाला. "घालून पाह्य. तिकडे जाऊन तंग झाला तं कोणाले सांगशीन?"

नवतप्याचा चौथा दिवस होता. उन्हाळ्यातले ते नऊ दिवस कुत्रीही रस्ता ओलांडत नाहीत. माझी डॉक्टरकडची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. कोट घालून कूलरपुढे बसून पाहावं म्हणून मी दार उघडलं. पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे पायच होते.

"दार लाव गा," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "थंडी बाहेर चालली."

मी दार लावलं. बाहेरून.

ओसरीत खुर्ची होती. मी कोट घातलाच होता. वरपासून खालपर्यंत बटणं लावली, सातवं पान उघडलं आणि बसलो. कोटाशिवाय त्या बाकावर बसायचं नसतं, असं मला का वाटलं, देव जाणे. समोर ऊन पांढरंफेक पडलं होतं. पाहता पाहता ते बर्फासारखं दिसू लागलं. तळं गोठलं. झाडाची लाल पानं गळत होती, गळता गळता त्यांच्या भिवापुरी मिरच्या होत होत्या आणि बर्फावर वाळत पडत होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्मीकाकू कुरडया घालत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "थोडा सरक गा." मी सरकलो.

खुर्चीवरून पडलो तो आवाज ऐकून आई धावत आली.

"काहून असा कोट घालून बसला गा तू? अगं माय, हा तं तव्यासारखा तापला!"

मला ऊन लागलं होतं. अमेरिकेच्या थंडीची सवय करता करता! आईनं कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, खिशांत कांदे कोंबले. मामा म्हणाला, याला कूलरपुढे झोपवू. त्यावर दाराआडून काकूंचा आवाज आला, "ऊन लागलेल्याले कूलरची हवा चालत नाही." झालं. मला स्वयंपाकघरात माठाशेजारी निजवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. ताप एकशेतीन. दोन्ही खिशांत कांदे.

"याला झालं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऊन लागलं."

"उन्हात कशाला गेला होता?"

"अमेरिकेच्या थंडीची सवय करून राहिला होता," बाबा खालच्या आवाजात म्हणाले.

डॉक्टरांनी थोडा वेळ आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "ताप उतरून अंगात बळ आलं, की आणा," ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. ठणठणीत असल्याचा दाखला त्यांनी आमच्या कांद्यांना दिला असता, मला कसा देणार?

ताप उतरायला नऊ दिवस लागले. दाखला विमानाच्या टपालानं गेला खरा, पण पंधरा तारखेच्या आत पोचणं अवघडच होतं. तरी मी सातवं पान उशाशी ठेवून होतो.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. जूनचा शेवटचा आठवडा आला तरी कूलर चालूच होता. एका दुपारी गजाननराव आले. त्यांनी माझ्या हातात तार दिली आणि नेहमीसारखे आत न जाता पायरीवर बसून राहिले. तेव्हाच मी ओळखलं. बाबांनी तार वाचली. दाखला उशिरा पोचला होता, जागा भरली होती.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बावीस वर्षांचा घोडा, पण ओसरीत सगळ्यांदेखत रडलो. बाबा म्हणाले, "बर्फ मीच आणला होता." आणि ते चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात आतून काकूंनी विचारलं, "काय म्हणते गा तार?"

"जागा भरली म्हणते, काकू. अमेरिकेत जागा नाही."

आत चटया ओढल्याचा आवाज आला, कोणी कोणाला ढोसलं, उश्या इकडच्या तिकडे झाल्या.

"जागा नाही म्हणजे?" काकू म्हणाल्या. "ये इकडे. सरकलो आम्ही."

मी आत गेलो. सहा माणसं भिंतीला चिकटून बसली होती आणि बरोबर कूलरपुढे एका माणसाची जागा रिकामी होती. मी आडवा झालो. काकूंनी माझ्या डोक्याखाली त्यांची उशी सारली. वाळ्याचा वास आला, झाडाचं एक पान सावकाश खाली येऊ लागलं, आणि ते तळ्यावर टेकायच्या आत मला झोप लागली.

पुढे मला उमरेडजवळच्या कोळसा खाणीत नोकरी लागली. लोणचं दिवाळीपर्यंत पुरलं. कोट बर्फाची लादी गुंडाळायला फार कामाला आला. पुढच्या वर्षी परत अर्ज का नाही केला, असं लोक अजून विचारतात. आमच्या अमेरिकेत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. कूलरपुढची जागा मिळाली, की माणसानं उठायचं नसतं.