भावकीची सातवी काडी

पडदा वर जातो तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका सोप्यात सात पुरुष आ वासून बसलेत. साल २००६, मे महिना. अमेरिकेहून सुट्टीला आलेला भावकीतला धैर्यशील एकेकाच्या गालात कापसाची काडी फिरवतोय. बापाकडून फक्त मुलग्याला मिळणारं वाय गुणसूत्र म्हणे पूर्वजांची वाट सांगतं. कुठून निघाले, कुठं पोचले.

सातवे गुंडूनाना. पोट शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीवर. पण भावकीत कुणी गेलं की तिरडी बांधायला पहिले हजर. सुतक धरायचं नि मिशी उतरवायची ती भावकीनंच. त्यामुळं नानांची मिशी कधी धड वाढलीच नाही.

"नाना, मिशी कवा ठेवणार?" थोरले बाळासो चिडवायचे.

"तुमी लेकानु रांगेनं मरताय, वाढंल कशी?"

दिवाळीत धैर्यशीलचा फोन आला. "नाना, सहाजणांचा मूळपुरुष एक निघाला. तुमचे पूर्वज मात्र हजारो वर्षांपूर्वीच दुसऱ्या वाटेला लागलेले."

"आरं, मी गंगावेशीपल्याड धड गेलो न्हाय, वाट कुठली माझी?"

नाना हसले. फोन ठेवला नि हसू विरलं. प्लेगात पेठ ओस पडली तेव्हा या घरानं एखादं पोरकं लेकरू उचलून आणलं असावं. तेच आपले वडील. पण विचारायचं कुणाला? सगळी माणसं कधीच गेलेली.

गोष्ट भावकीत पसरली, पण कुणी वावगं बोललं नाही. माघात बाळासो वारले. नाना सुतळी घेऊन धावले, तिरडी बांधली, अन् न्हाव्यापुढच्या ओळीत सवयीनं जाऊन बसले. बाळासोंच्या जोतीरामनं त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"नाना, तुमी न्हाय केलं तरी चालतंय की आता."

मायेनंच म्हणाला बिचारा. नाना उठले, धोतर झटकलं, नि भिंतीकडेला जाऊन उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात मिशी पहिल्यांदा पुरती वाढली. पांढरीशुभ्र, भरघोस, रंगमंचावरच्या राजाला शोभावी अशी. नानांनी आरसा मात्र भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

मे महिन्यात धैर्यशील भेटायला आला तेव्हा नानांनी अंथरूण धरलं होतं. तो उशाशी बसून सांगत राहिला, की काडी हजारो वर्षांमागचं बोलते, तिला आपल्या घरातलं काय कळतंय. नानांनी ऐकून घेतलं. मिशीवरून एकदा हात फिरवला, त्याचा हात घट्ट धरला. मग बोलले, ते शेवटचंच.

"त्ये ऱ्हाऊ दे, लेका. माझं सुतक धरशीला न्हवं तुमी?"