दोघींची सूज

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये माझ्या डाव्या काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या आणि काही महिन्यांनी तो हात सुजायला लागला. आधी बांगड्या रुतल्या, मग ब्लाऊजची बाही चढेना. मी तलासरीजवळच्या उधव्याच्या शाळेत शिकवते. तिथं निभावलं. डहाणूच्या घरात निभावलं नाही.

सासूबाईंनी माझं अंथरूण वेगळं केलं.

"हत्तीरोग आहे हा," त्या म्हणाल्या. "आमच्या वरोरला एकीचा पाय असाच झाला होता."

"आई, हत्तीरोग डासांमुळे होतो, आणि मला तो नाहीच. काखेत सगळ्यांनाच बारीक ग्रंथी असतात, हातातलं जास्तीचं पाणी त्यांतून रक्तात परत जातं. त्या काढल्या, म्हणून ते साचतं."

"डॉक्टर काहीही सांगतात."

सुजेवर दाब राहावा म्हणून मी हातात घट्ट बाही घालायचे. ती धुऊन वाळत घातली की सासूबाई काठीनं बाजूला सारायच्या. नवरा रेल्वेत, तो ड्युटीचं कारण काढून बाहेर पडायचा. मला त्याचाच राग जास्त यायचा.

दिवाळीनंतर सासूबाईंना चपला होईनात. आडवं झालं की धाप लागायची, पण त्या पाय लुगड्याखाली झाकून ठेवत. एकदा मी न विचारताच त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं, कारण मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं तरी पाय सुजतात. दोन्ही ठीक निघालं. मग हृदय तपासलं; त्याचा जोर कमी पडत होता, म्हणून पाणी पायात उतरत होतं. मीठ कमी करा, म्हणाले, आणि लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यामुळे लागलं का मला?"

"सूज अशी लागत नाही, आजी. त्यांची वेगळी, तुमची वेगळी."

परतताना रिक्षात मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

गोळ्यांनी त्यांच्या पायांची सूज उतरली. माझा हात आयुष्यभर सांभाळावा लागणार आहे. नवरा म्हणाला, "आता तरी मिटवा दोघींनी."

"मी भांडलेच कुठे?" मी विचारलं. त्यानं ड्युटीची पिशवी उचलली.

त्या उन्हाळ्यात मी तलासरीला खोली घेतली. शाळा जवळ पडते, असं सगळ्यांना सांगितलं. नवरा रविवारी येतो, आईची तब्येत सांगतो. मी ऐकून घेते. त्यांच्यासाठी निरोप मात्र देत नाही.