पाठीवरची टकटक

आई अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी एकटी राहते. मी नोकरीमुळे अमरावतीला. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि बराच वेळ तिला उठता आलं नाही. त्यानंतर मी तिच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. फोनच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं की थेट मला फोन लागायचा. नंबर शोधायला नको, चष्मा नको.

काही दिवस बरे गेले. मग भर दुपारी फोन येऊ लागले. मी उचलायची, तर आई बोलतच नसे. खट्ट खट्ट आवाज, कुणाचं तरी खाकरणं आणि फोन बंद. संध्याकाळी विचारलं की ती उसळायची.

"मी कायले करू फोन? तूच करून राहिली. घडीघडी माया फोनवर तुयं नाव येते!"

तिची स्मरणशक्ती तर जात नाही ना, अशी धास्ती मला वाटायला लागली. मग एका दुपारी पुरुषाचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आता सोडू नका, भाभी. घेऊन टाका."

आई मोठ्यानं हसली. फोन कटला.

कोणीतरी तिला गोड बोलून काही विकतंय, हेच माझ्या मनात आलं. संध्याकाळी विचारलं, "आज कोण आलं होतं?"

"कोणी नाही," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, न कळवता मी अकोल्याची बस पकडली.

फाटक उघडंच होतं. ओट्यावर स्टुलावर कॅरम मांडलेला. एका बाजूला आई, समोर शेजारचे चाचा, पोस्टातून निवृत्त झालेले. बोर्डाच्या कोपऱ्यावर आईचा फोन पालथा पडून जुनं गाणं वाजवत होता. "राणी सोडू नका, भाभी," चाचा म्हणाले. आईनं नेम धरून स्ट्रायकर मारला. सोंगटी कडेवर आपटली, गाणं थांबलं आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

"पाह्य! आताही तूच केला!" आई माझ्याकडे बघून ओरडली. मी अचानक कशी आले, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

मी पर्समधून फोन काढून तिचं नाव दाखवलं. चाचांनी तिचा फोन खाली फरशीवर ठेवून पुन्हा सोंगटी मारली. काही नाही. बोर्डावर ठेवून मारली, लगेच वाजला. बोर्डाचे धक्के फोनला टकटक वाटत होते. मी सेटिंग बदलून दोनच्या जागी तीन टकटक केली, तरी चाचांच्या एका जोरदार फटक्यानं फोन लागलाच. शेवटी खेळताना फोन खिडकीत ठेवायचं ठरलं. आईनं बोटानं करून पाहिलं. हळू केलं तर लागेना, भराभर केल्यावर लागला.

चाचा गेल्यावर मी चहा टाकला.

"कोणी नाही, असं कावून म्हटलं?"

"तू हजार गोष्टी विचारल्या असत्या." ती म्हणाली. "दुपार खायाले उठते मले. त्यायच्या बी घरी आता कोणी नाही."

मी कप काढले. मग तिनंच विचारलं, "हे टकटक मायावर ध्यान ठेवाले तं नाही लावलं तू?"

"नाही, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं की नाही, कोण जाणे. मग म्हणाली, "साखर कमी टाकजो," आणि सोंगट्या डब्यात भरायला उठली.