पहिल्या रविवारची ड्यूटी

आजवर बायकोलाही सांगितली नाही अशी एक गोष्ट आहे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारची ड्यूटी मी मागून घ्यायचो. सगळ्यांना तो माझा चांगुलपणा वाटे. "पादरी, तुमचा देव तुमाले सुट्टी देत नाई का?" असं भंडाऱ्याचा बळीराम चिडवायचा, मी हसण्यावारी न्यायचो. खरं असं, की त्या रविवारी सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरात आमची ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला जमायची, आणि मनात पाप ठेवून त्या भाकरीला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

कारण सुखदेव. तो माझ्याच टोळीत होता, गर्डर उचलायचे तारेचे दोर अडकवायचा. दोर तपासणं माझं काम. खराब दोराला लाल रंग फासून मी तो बाजूला टाकायचो. एका सकाळी एका दोराच्या तीन-चार तारा तुटलेल्या दिसल्या. रंगाचा डबा लांब होता, वरून घाई चाललेली. जेवणाच्या सुट्टीत बघू, असं म्हणालो. सुट्टीआधीच दोर तुटला आणि सुखदेवच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत कोणीतरी म्हणालं, पिऊन आला होता, दोर चुकीचा अडकवला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोर चांगला होता. एवढंच. त्याला काढून टाकलं. कुम्हारीला एका भातगिरणीवर राखणदार झाला असं कानावर आलं. जाईन, सांगेन, असं म्हणत मी वर्ष घालवलं. प्रार्थनेला डोळे मिटले की बसवत नसे, मधेच उठून फेऱ्या मारायचो.

मग एका पहिल्या रविवारी बळीरामनं आपली ड्यूटी मला द्यायला नकार दिला. "या खेपी नाई. तुमी आपल्या प्रार्थनेले जा."

"कावून?"

"कावून ते मलेबी नाई समजत. जा म्हनतो तर जा ना."

गेलो. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताट माझ्यापर्यंत आलं. मी ते शेजाऱ्याकडे सरकवलं आणि उठून कुम्हारीला जायला सायकल काढली. आज नाही तर कधीच नाही, इतकंच कळत होतं. भर उन्हात अर्ध्या वाटेत टायर फुटला. सायकल ढकलत निघालो, तर हात न दाखवताच विटांचा एक ट्रक थांबला. "चढ़ जाओ," ड्रायव्हर म्हणाला; सायकल विटांवर टाकून बसलो. कुम्हारीच्या बसथांब्यावर उतरलो, तर समोर सुखदेव, लोखंडी पेटीवर बसलेला. गिरणी सोडून गोंदियाकडच्या गावी कायमचा निघाला होता. बायको-पोरं आधीच गेली होती. त्याची बस अर्धा तास उशिरा होती. याला काय म्हणावं ते मी ठरवत नाही.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"हे मले कावून सांगून राहिला? साहेबाले सांग. आन् माह्या बायकोले सांग. धम्माची दीक्षा घेतली तवापासून थेंब नाई शिवलो मी, आन् तिले वाटते मी पिऊन कामावर गेलतो."

मी माफी मागितली. "ते मंग पाहू," तो म्हणाला. बस आली. त्याला पेटी उचलवेना, मी ती टपावर चढवली.

सोमवारी साहेबांपुढे लेखी दिलं. माझी ठरलेली बढती गेली. सुखदेवच्या नावावरचा ठपका निघाला, त्याला परत बोलावल्याचं पत्रही गेलं. तो आला नाही. मला मात्र कित्येक महिन्यांनी प्रार्थनेत स्वस्थ बसता आलं. योग्य वेळ मीच निवडीन, हा हट्ट प्रभूनं माझ्याकडून काढून घेतला, त्याबद्दल मी त्याचे उपकार मानतो. देवाकडे वेळ पुष्कळ आहे. सुखदेवकडे अर्धा तास होता.

त्याच्या बायकोला मी अजून भेटलेलो नाही. दोन वर्षं झाली. तुझा नवरा पिऊन गेला नव्हता, खोटं मी बोललो, हे तिच्या दारात उभं राहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.